एरुंदिनाच्या घरचा धूर

त्या रविवारी धूर बघायची पाळी माझी होती, आणि जोडीला कोण, तर देल्मिरो. आता नशीबच तसं, बोलायचं कुणाला? आमच्या काबानेलास गावात धूर बघायला दोघं जातात, आणि दोघांचं एकमत झालं तरच घर मोजलं जातं. माझं नि देल्मिरोचं एकमत आजवर एकाच गोष्टीवर झालंय, ते म्हणजे शेजारच्या गावची दारू पाणचट असते. मी गावातली एकमेव खानावळ चालवते, तेव्हा हे मी म्हणणारच. तो का म्हणतो त्याचं त्याला माहीत.

आमचा डोंगर कुणाच्या नावावर नाही. ज्या घरांच्या धुराड्यातून धूर निघतो, त्या घरांचा तो. घर बांधलंत, रंगवलंत, कुलूप घालून कमवायला स्वित्झर्लंडला गेलात, तर त्या नुसत्या भिंती. त्या घराला डोंगरावरचं लाकूड नाही, चराई नाही, सभेत मत नाही. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी बाराला सभा भरते. त्याआधी धूर बघणारे सगळं गाव पायाखाली घालतात. बाराची घंटा वाजून संपेपर्यंत धूर दिसला तर घर आत. नाही दिसला तर बाहेर, आणि बाहेर गेलेलं घर परत घ्यायला उरलेल्या सगळ्यांनी हो म्हणावं लागतं. आमच्या गावात सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलंय असं माझ्या हयातीत झालेलं नाही.

त्या वर्षीचा विषय मोठा होता. वरचं माळरान, ओकच्या राईसकट, एका लाकडाच्या कंपनीला तीस वर्षांसाठी द्यायचं. कंपनी तिथे निलगिरी लावणार आणि बदल्यात गावाला पक्का रस्ता करून देणार. देल्मिरो सभेचा अध्यक्ष, आणि तो देण्याच्या बाजूचा. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नाही. त्याच्या आजारी बायकोला दवाखान्यात न्यायला गाडी वर पोचेपर्यंत ती गेली होती. तेव्हापासून त्याला रस्ता सोडून दुसरं काही दिसत नाही. पण रस्ता हवा म्हणून डोंगरच देऊन टाकायचा, हा कुठला न्याय? निलगिरी आली की झरे आटतात आणि एका ठिणगीत सगळं पेटतं, हे आम्ही खालच्या खोऱ्यात डोळ्यांनी बघितलंय.

अर्धी घरं त्याच्या बाजूला, अर्धी आमच्या. आणि ज्या बाईनं अख्खी सभा हलवली असती ती एरुंदिना गावातच नव्हती.

एरुंदिना म्हणजे देल्मिरोची सख्खी वहिनी, त्याच्या थोरल्या भावाची, एवारिस्तोची बायको. सत्तरी कधीच ओलांडली. उंचीला माझ्या खांद्याला लागते, पण तोंड उघडलं की वरच्या वाडीला ऐकू जातं. ती लहान असताना सरकारनं आमचा डोंगर घेतला होता. वर पाइन लावले, राखणदार बसवले, शेळी चरली की दंड. रोपं लावायला मजुरीवर बायापोरीच बोलावल्या. एरुंदिना तेव्हा परकरी पोर. ती रोपाची मुळं हळूच मुठीत पिळायची आणि मग नीट, मायेनं, मातीत लावायची. राखणदार म्हणायचा, काय गुणी पोर आहे. तिची अख्खी ओळ उन्हाळ्यात वाळून गेली, तेव्हा त्यानं मातीला शिव्या दिल्या. पुढे डोंगर परत मिळाला, पण तिचा पीळ तसाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि हिचा तर सुंभही जळायला तयार नाही.

तिच्या घोड्या वर माळावर मोकळ्या असतात. तोशोची काटेरी झुडपं खाऊन खाऊन त्यांना चक्क मिशा फुटल्यात. ऑक्टोबरात त्यांच्यामागे धावताना ही पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. लेक साबेला विगो शहरात औषधाच्या दुकानात आहे. ती आईला घेऊन गेली, चौथ्या मजल्यावर. मग मला फोन.

"बाल्बिने, इथे बाल्कनीतून समुद्र दिसतो."

"मग बघ की. लोक पैसे देतात त्याला."

"काय बघू? एवढं मोठं रान, आणि एक जनावर चरेल तर शपथ."

सभेच्या आदल्या शुक्रवारी परत फोन. आवाज एकदम बारीक. "रविवारी येतेय. पाववाल्याच्या गाडीतून. साबेलाला कळता कामा नये, ती मला दारालाच बांधून ठेवील. तू फेरी जरा लांबव."

तुम्हाला सांगते, फेरी लांबवणं म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकले. प्रत्येक घरापुढे मी थांबले. धूर दिसतोय, तरी म्हणायची, हा धूर की धुकं? कुणी आत बोलावलं की नाही म्हटलं नाही. एका घरी काल्दो सूपचा वाडगा घेतला, दुसऱ्या घरी घोटभर दारू, तिसऱ्या घरी गुडघा दुखतो म्हणून बाकावर बसले. देल्मिरोची चुळबुळ चालली होती.

"बाल्बिना, तू धूर बघायला आलीयस की सोयरीक जमवायला?"

"कुणाचं जमत असेल तर तेही बघते. तुझंच काढू का कुठे?"

"घड्याळ बघ."

"घड्याळ तुझ्या हातात आहे. मी कशाला बघू?"

शेवटी उरलं गावाच्या टोकाचं एरुंदिनाचं घर. खिडक्या बंद, दार बंद, धुराडं थंड. देल्मिरोनं टोपी मागे सारली आणि म्हणाला, "एरुंदिनाचं घर. धूर नाही. बोल."

मला बोलायचं होतं. पण धुराबद्दल जो खोटं बोलतो त्याचा स्वतःचा धूर जातो, हा आमचा नियम आहे. आणि तेवढ्यात खालून पाववाल्याचा भोंगा वाजला. मी काही देवभोळी नाही, पण तो भोंगा ऐकून मी क्रूस काढला छातीवर.

गाडी चढणीवर आली. आधी काठी उतरली, मग पिशवी, मग एरुंदिना.

"काय भाऊजी, एवढ्या घाईनं कुठे निघालात?"

देल्मिरोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वहिनी? तुम्ही कशा? साबेला कुठंय?"

"कामावर. तिला वाटतंय मी चर्चमध्ये आहे. घंटेला किती अवकाश आहे?"

"अर्धा तास. पण..."

"पुष्कळ झाला," म्हणत ती आत शिरली. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. काटक्या मोडल्याचा आवाज, काडी ओढल्याचा आवाज, मग तिचं पुटपुटणं. आम्ही दोघांनी माना वर करून धुराड्याकडे डोळे लावले. धूर आला. आला तो दारातून. मग खिडकीतून. मग दगडी कौलांच्या फटींतून. सगळ्या घरातून धूर येत होता, फक्त धुराड्यातून नाही.

एरुंदिना खोकत, काळी होऊन बाहेर आली. मी देल्मिरोकडे वळले. "धूर आहे ना? डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या, आणि काय पाहिजे?"

"धुराड्यातून निघायला हवा," तो म्हणाला. "दारातून निघतो ती आग. नियम मी केलेला नाही."

वैताग हा की तो बरोबर होता. एरुंदिनालाही ते माहीत होतं. तिनं तोंड पुसलं, वर बघितलं आणि म्हणाली, "कावळ्यांनी घरटं केलं असणार मेल्यांनी. शिडी कुठंय?"

"अगं, तुझा खुबा," मी म्हटलं.

"खुबा नवा आहे. जुना असता तर घाबरले असते."

आता धूर बघणाऱ्यांनी चुलीला आणि धुराड्याला हात लावायचा नाही, हाही नियम. म्हणजे मी वर जाऊ शकत नव्हते, देल्मिरोही नाही, आणि आजूबाजूचे सगळे शाळेत सभेला जमलेले. तिनं गोठ्यातून शिडी ओढत आणली, कंबरेला हातोडी खोचली आणि चढायला लागली. एक पाय वर, मग दुसरा ओढून त्याच पायरीवर. मधेच शिडी सरकली. मी किंचाळायच्या आत देल्मिरोनं पुढे झेपावून ती धरली होती.

"हात लावायचा नाही म्हणत होतास ना?" मी म्हटलं. तोंड काही गप्प बसत नाही माझं.

"शिडी म्हणजे धुराडं नाही," तो दातओठ खात म्हणाला. "तू पण धर की, बघतेस काय?"

मग आम्ही दोघांनी धरली. ती वर पोचली, कौलांवरून बसत बसत सरकली आणि धुराड्याच्या तोंडाशी गेली. आणि थांबली.

"काय गं, घरटं आहे का?"

"नाही," ती वरून म्हणाली. आवाज अगदी साधा. "फरशी बसवलीय. सिमेंटनं. नवंकोरं सिमेंट आहे. भाऊजी, हे कुणी केलं?"

देल्मिरोनं मान खाली घातली. "जानेवारीत साबेलानं गवंडी पाठवला होता. पाऊस आत येतो म्हणाली." मग हळूच, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

तिला ठाऊक नव्हतं. ती तिथेच बसली, दोन्ही पाय पसरून, हातोडी मांडीवर. इतक्या वर्षांत मी तिला रागावलेली बघितलीय, नवऱ्याच्या मातीला रडलेली बघितलीय, पण अशी नाही. धुराडं बुजवायचं म्हणजे त्या घरात आता कुणी राहायला येणार नाही, असं ठरवून टाकायचं. पोटच्या पोरीनं ते ठरवलं होतं आणि सांगितलं नव्हतं. मला त्या पोरीचा असा संताप आला की समोर असती तर दोन लगावल्या असत्या.

आणि ती समोर आलीच. पाववाल्यानं विगोतून निघतानाच फोन करून सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. गाडी दारात थांबली, साबेला दुकानातल्या पांढऱ्या कोटातच उतरली आणि वर बघून तिचं तोंड पांढरं पडलं.

"आई, हलू नकोस. तिथेच बस. मी कुणालातरी बोलावते."

"तू बुजवलंस हे?"

"आई, आधी खाली ये."

"साबेला, तू बुजवलंस का?"

"हो. मी बुजवलं." साबेला रडायला लागली. "तू एकटी इथे परत पडलीस तर कुणाला कळणार होतं? रात्रभर माळावर पडून होतीस तू. घोड्या उभ्या होत्या भोवती म्हणून जगलीस. मी काय रोज फोनची वाट बघत बसू?"

खाली चर्चमध्ये घंटेचा दोर ओढल्याची करकर ऐकू आली आणि पहिला टोला पडला.

त्या टोल्यानं एरुंदिना जागी झाली. तिनं हातोडी उचलली आणि फरशीवर घातली. दुसरा घाव. तिसरा. घंटा वाजतेय, हातोडी वाजतेय, साबेला ओरडतेय, आणि देल्मिरो, हो, देल्मिरोच, शिडीला मिठी मारून म्हणतोय, "कडेला मारा वहिनी, कडेला, मधे नका मारू." फरशी तडकली. तुकडे आत पडले, खाली चुलीत धप्प आवाज झाला, आणि आतून राखेचा लोट उसळून सरळ एरुंदिनाच्या तोंडावर आला. त्याच्यामागून धूर. जाड, पांढरा, सरळ वर. घंटेचे टोले अजून संपले नव्हते.

मी देल्मिरोकडे बघितलं. त्याला गप्प राहता आलं असतं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "निघाला."

सभेत एरुंदिना तशीच काळ्या तोंडानं येऊन बसली. कुणी हसलं नाही. कंपनीच्या विषयावर ती उठली आणि एवढंच बोलली, "रस्ता मलाही पाहिजे. मलाच जास्त पाहिजे, मोडका खुबा माझा आहे. पण रस्ता मागायला आपण सगळे मिळून सरकारच्या दारात बसू. डोंगर देऊन रस्ता घेतला, तर त्या रस्त्यानं यायचं कुठे?" मग हात वर झाले. एका घराच्या फरकानं माळ राहिला. ते घर कुणाचं हे सांगायला नको. माझ्या जिवात जीव आला आणि सगळ्यांना माझ्याकडून एकेक पेला, असं मी बोलून बसले.

पण देल्मिरो उठला. "मत मोजलं. पण उद्या सोमवार. घरटी एक जोडी हात वर यायला हवेत. हात आले नाहीत तर घर बाद आणि मतही बाद." तो वहिनीकडे बघत नव्हता. "मत बाद झालं तर बरोबरी, आणि बरोबरीत अध्यक्षाचं घर ठरवतं. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीतच होतं. सभेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वर जाळरेषा साफ करतो, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तरी तिथे अडावा. हात घरचेच लागतात, त्या धुराखाली रात्र काढलेले. मजूर चालत नाही, शेजारी चालत नाही.

"माझे हात येतील," एरुंदिना म्हणाली. पण बाहेर आल्यावर ती माझ्या खांद्यावर अशी टेकली की तिचं सगळं वजन मला कळलं. शिडीनं तिची सगळी ताकद संपवली होती. साबेला गाडीपाशी उभी होती. "चल घरी," ती म्हणाली. एरुंदिना म्हणाली, "मी घरीच आहे. तू जा, तुझं दुकान उघडायचंय सकाळी." आणि दार लावून घेतलं. मी खानावळीत परतले, पेले भरले, पण मला एक घोट गेला नाही.

सकाळी सगळे पायवाटेशी जमलो. एरुंदिना काठी घेऊन आली, खांद्यावर कोयता. वीसेक पावलं चढली आणि ओठ चावत थांबली. परत निघाली, परत थांबली. देल्मिरो पाठ करून उभा होता. मला ते बघवेना.

मागून कुणीतरी धावत आलं. साबेला. पायात आईचे बूट, अंगावर बापाचा जुना कोट, डोळे सुजलेले. तिनं आईच्या खांद्यावरचा कोयता काढून घेतला.

"तू गेली नाहीस?" एरुंदिनानं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"गोठ्यात निजले. तू दार लावलंस ना."

देल्मिरो वळला. "गोठा त्याच धुराखाली येतो का?" त्यानं विचारलं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वतःच म्हणाला, "येतो. कौलं एकच आहेत."

मग काय सांगू त्या दिवसाची गंमत. त्या पोरीला कोयता कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. तोशोची फांदी ती अशी पकडायची जशी काही औषधाची बाटली आहे. एरुंदिना पहिल्या वळणावरच्या खडकावर बसून खालून शिव्या घालत होती. "मुळाशी घाल, मुळाशी. अगं, केस कापतेयस का तू त्याचे?" आणि साबेला वरून, "तू गप्प बस, नाहीतर खाली येऊन तुलाच कापते." सगळी रांग हसत होती. मिशाळ घोड्या लांबून बघत होत्या. इतकं हसू त्या डोंगरावर कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि इतकी वाकडी जाळरेषाही कधी कुणी काढली नव्हती.

संध्याकाळी देल्मिरो रांगेतून फिरला. आमच्यात शेवटी तळवे दाखवतात. तो घराचं नाव घेतो, माणूस हात पुढे करतो, तो "आहेत" म्हणतो, की झालं वर्षाचं. माझं झालं. पुढचं झालं. मग साबेलाचं आलं.

"एरुंदिनाचं घर."

साबेलानं हात पुढे केले. फोड फुटलेले, काटे रुतलेले, रक्त सुकलेलं. देल्मिरोनं बराच वेळ बघितलं. आता रस्ता आणखी लांबला, हे त्याला कळत होतं.

"आहेत," तो म्हणाला. माळ राहिला.

खालून खडकावरून आवाज आला, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा. "भाऊजी, घराचं नाव घेतलंत. हातांचं घ्या."

हातांचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. देल्मिरोनं घसा खाकरला. गेली कित्येक वर्षं या रांगेत आम्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांचेच तळवे बघितले होते.

"साबेला," तो म्हणाला, मोठ्यानं. "एवारिस्तोची साबेला. आमच्या घरातली."

मी रडले. लाजायचं काय त्यात. साबेला तशीच हात पुढे धरून उभी होती, खाली कसे घ्यावेत ते तिला कळत नव्हतं. मग तिनं कोयता परत उचलला आणि मला विचारलं, "बाल्बिनामावशी, हे उरलेलं आजच्या आज संपवायचं असतं का, की उद्या पण चालतं?"